उल्हास खोऱ्याचे धन

एखाद्या ओसाड प्रदेशात कारखाने उभे राहतात आणि नगरे वसतात, तेव्हा त्याच्या मुळाशी निसर्गाने दिलेले काही ना काही धन असते. रशियातील उरल पर्वताच्या कडेला लोहखनिजाचा एक मोठा डोंगर होता. त्याच्या पायथ्याशी १९२९ साली मॅग्नितोगोर्स्क या नगराची उभारणी सुरू झाली. खनिज वितळविण्यास लागणारा कोळसा तेथे नव्हता. तो सुमारे २,००० किलोमीटर दूर असलेल्या सैबेरियातील खाणींतून आगगाडीने आणावा लागे. तरीही १९३२ साली तेथील भट्टीतून लोखंडाचा पहिला रस वाहिला. त्यासाठी असंख्य मजुरांनी, त्यांत बळजबरीने आणलेल्या शेतकऱ्यांनीही, कडाक्याच्या थंडीत अपार कष्ट सोसले. निसर्गाचे धन, लोहमार्ग आणि राबणारे हात यांची गाठ पडली की, प्रदेशाचे रूप असे पालटते.

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांच्या परिसरात लोखंडाचा डोंगर नाही, कोळशाची खाणही नाही. येथील धन निराळे आहे. ते म्हणजे पाणी. राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर अशी वाहत कल्याणकडे जाते आणि पुढे वसईच्या खाडीतून समुद्रास मिळते. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस हीच या खोऱ्याची खाण होय. फार पूर्वीपासून येथे वस्ती आहे. वालधुनी या छोट्या नदीच्या काठी असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिरात इ. स. १०६० मधील शिलालेख आहे. बदलापूर येथे प्रवासी आपले थकलेले घोडे बदलीत, म्हणून गावास ते नाव पडले, असे सांगतात.

घोड्यांची जागा पुढे आगगाडीने घेतली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८५४ साली कल्याणला पोहोचला आणि तेथून या खोऱ्यातून पुढे सरकत १८६३ साली बोरघाट चढून गेला. पाणी व वाहतूक यांची सोय झाल्यावर कारखानदारांची दृष्टी इकडे वळली. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात अंबरनाथ येथे आगपेट्यांचा मोठा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर तेथेच संरक्षण खात्याचे कारखाने उभे राहिले. उल्हासनगरच्या शहाड भागात कृत्रिम रेशीम तयार होऊ लागले. लाकडाच्या लगद्यावर रासायनिक क्रिया करून हा चकचकीत धागा काढतात. तो पुन्हापुन्हा धुवावा लागत असल्याने या धंद्यास विपुल पाणी लागते.

परंतु पाणी आणि लोहमार्ग यांच्या जोडीला राबणारे हात हवेत. ते येथे कसे आले, त्याची कथा करुण आहे, आणि स्फूर्तिदायकही आहे. १९४७ साली देशाची फाळणी झाली. सिंधमधील लक्षावधी हिंदूंना घरदार, शेतीवाडी आणि दुकाने सोडून भारतात यावे लागले. त्यांपैकी सुमारे एक लाख लोकांची सोय कल्याणजवळच्या लष्करी छावणीत करण्यात आली. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी बांधलेल्या त्या लांबलचक बराकी. एकेका बराकीत अनेक कुटुंबे राहत. मध्ये कापडाचा नाहीतर पोत्याचा पडदा, हीच काय ती भिंत! ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथील नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली आणि नदीच्या नावावरून त्यास 'उल्हासनगर' हे नाव मिळाले.

ज्यांचे सर्वस्व गेले, त्यांच्या नगराचे नाव उल्हास! त्या लोकांनी ते नाव सार्थ केले. स्त्रिया घरी पापड लाटीत व लोणची घालीत. पुरुष आणि मुले तो माल घेऊन लोकलगाडीत व मुंबईच्या रस्त्यांवर विकीत. थोडी शिल्लक पडली की शिवणयंत्र घ्यावे, नाहीतर छोटेसे दुकान टाकावे, असा क्रम चाले. त्यांतूनच कापड, लाकडी सामान आणि तयार कपडे यांच्या मोठ्या बाजारपेठा उभ्या राहिल्या.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे अंबरनाथ आणि बदलापूर येथे औद्योगिक वसाहती वाढल्या. त्यांना व शेजारच्या शहरांना पाणी मिळावे म्हणून बदलापूरजवळ बारवी नदीवर धरण बांधण्यात आले. धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढविली, तेव्हा आसपासच्या गावपाड्यांतील घरे आणि शेते पाण्याखाली गेली. शहरातील नळाला येणाऱ्या पाण्यात त्या गावकऱ्यांचा त्यागही मिसळलेला आहे, हे विसरता कामा नये.

धन मिळाले की त्याची उधळपट्टीही होते. कारखान्यांचे रंगीत व विषारी पाणी आणि शहरांचे सांडपाणी यांमुळे प्राचीन मंदिराजवळून वाहणाऱ्या वालधुनीचा नाला झाला. उल्हास नदीही मलिन झाली व तिच्या रक्षणासाठी नागरिकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. नदीचा कोपही या खोऱ्याने पाहिला आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. गाडीतील सुमारे एक हजार प्रवाशांना बचाव पथकांनी व गावकऱ्यांनी सुखरूप बाहेर काढले.

मॅग्नितोगोर्स्कचा तो लोखंडाचा डोंगर आता बव्हंशी पोखरून संपला आहे. खाणीचा स्वभावच तो. जेवढे काढावे तेवढे कमी होते. नदीचे तसे नाही. दर पावसाळ्यात आकाश तिची ओंजळ पुन्हा भरते. खाण संपते, नदी संपत नाही. पण नासते मात्र. आणि नासलेल्या नदीकाठी कारखाना, बाजार किंवा घर फार काळ सुखाने नांदू शकत नाही. उल्हास खोऱ्याचे हे धन पुढील पिढ्यांच्या हाती निर्मळ सोपविणे, हे त्याच्या काठी राहणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे.