पितळी स्टोचा मागोवा

सोलापूरहून धुळ्याकडे निघालेला, पूर्वी २११ क्रमांकाचा व आता ५२ क्रमांकाचा झालेला राजमार्ग येरमाळा मागे टाकून बालाघाटच्या पठारावरून उत्तरेकडे सरकू लागला की वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव लागते. आणि धाराशिव जिल्ह्याबाहेर ज्याने हे नाव ऐकले असेल, त्याने ते बहुधा शोभेच्या दारूच्या संबंधानेच ऐकले असेल. फटाक्यांच्या कारखान्यांमुळे येथे अग्नीशी चालणारा व्यवहार परवान्याने, अंतराने व शिस्तीने बांधलेला आहे. मात्र याच गावाच्या आणि आसपासच्या पंचक्रोशीच्या स्वयंपाकघरात चुलीनंतर व गॅसच्या शेगडीपूर्वी जो अग्नी नांदला, त्याची दखल कोणत्याही दप्तराने घेतली नाही. तीन पायांचे, पितळी टाकीचे, पेटले की घरभर घरघरणारे ते यंत्र आज माळ्यावर अथवा मोडीच्या ढिगात पडून आहे. काही थोडे लोक ते पुन्हा खाली काढून दुरुस्त करीत आहेत, आणि मी त्यांच्यापैकी एक असल्यामुळे त्याच्या गेल्या शतकाचा मागोवा घेणे मला माझे कर्तव्य वाटते.

स्वीडनमधील स्टॉकहोम येथे फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट या कारागिराने १८९२ साली वातीवाचून जळणारा रॉकेलचा स्टो सिद्ध केला. त्यापूर्वी रॉकेल वातीवर जाळीत, आणि त्याची काजळी भांड्यावर, भिंतीवर व माणसाच्या छातीत साठत असे. लिंडक्विस्टने द्रव रॉकेल जाळण्याचे सोडून त्याची वाफ जाळली: टाकीतील हवेच्या दाबाने तेल तप्त नळीत चढते, तेथे त्याचे बाष्प होते, ते बाष्प सुमारे एक-तृतीयांश मिलिमीटर व्यासाच्या छिद्रातून वेगाने सुटते, वाटेत भरपूर हवा ओढून घेते आणि निळ्या, निर्धूम ज्योतीने जळते, आणि तीच ज्योत परत त्या नळीला तापवीत राहते, म्हणून एकदा लागलेले हे चक्र हवा असेतोवर थांबत नाही. ‘प्रायमस’ या नावाने विकले गेलेले हे यंत्र नान्सेनच्या ध्रुवीय सफरीत होते, १९११ साली दक्षिण ध्रुवावर पोहोचलेल्या अमुंडसेनच्या तुकडीत होते, आणि १९५३ च्या एव्हरेस्टच्या मोहिमेतही होते. जेथे लाकूड नाही व वारा अनावर आहे, अशा ठिकाणी मुक्काम करणाऱ्या माणसासाठी याहून विश्वासू सोबती त्या काळी नव्हता.

बालाघाटावर बर्फ नाही. पण लाकडाची वानवा आहे. १८९७ साली बार्शीपर्यंत आणि १९११ साली लातूरपर्यंत पोहोचलेल्या बार्शी लाइट रेल्वेने या टापूला मुंबईच्या बंदराशी जोडले. बार्शीची पेठ इंग्रजी मुलखात आणि तेरखेड्याची पांढरी निजामाच्या अमलात, म्हणून सरहद्द ओलांडणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे जकात, द्यावी लागे आणि इंग्रजी कळदार रुपया व निजामी हाली रुपया यांच्या वटावाचा हिशेब वेगळा करावा लागे. अशा वाटेने चार गॅलनचा, म्हणजे सुमारे अठरा लिटरचा, रॉकेलचा डबा खेड्यात उतरला. तेल प्रथम आले ते दिव्यासाठी. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील याच तेलावर जळत होता. चुलीची जागा घेण्याचा मान तेलाला पुष्कळ उशिरा मिळाला, आणि तोही आधी बदलीच्या माणसाकडे. फिरतीवर राहुटी ठोकणारा गिरदावर, एका खोलीत संसार मांडणारा शाळामास्तर, तलाठी, दवाखान्यातील कंपाउंडर यांच्या सामानात वळकटीशेजारी हे पितळी यंत्र असे. कारण सरपण विकत घेणे, ते सुकविणे आणि भाड्याच्या खोलीत चूल घालणे या तिन्ही गोष्टींतून ते सोडवीत असे. म्हणून मला वाटते की युरोपातील गिर्यारोहकाच्या पाठीवरचा स्टो आणि आमच्याकडील मुलकी कामगाराच्या बैलगाडीतला स्टो हे दोन वेगळे विषय नव्हेत.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची हुकूमत संपली, पुढे करोडगिरीही गेली, आणि स्वातंत्र्योत्तर दोन-तीन दशकांत हे यंत्र मध्यम स्थितीच्या घरात स्थिरावले. सकाळचा चहा आणि अवेळी आलेला पाहुणा ही त्याची कामे. भाकरी मात्र बहुतेक घरांत चुलीवरच राहिली, कारण जोंधळ्याच्या भाकरीला तव्याभोवती पसरणारा जाळ व शेकण्यासाठी निखारा हवा असतो, आणि स्टोची ज्योत एका ठिकाणीच टोचते. येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीच्या चैत्री यात्रेसारख्या गर्दीत, जेथे उघड्या माळावर तीन दगडांना जागा शोधावी लागे, तेथे स्टोचे मोल विशेष कळे. पुढे रॉकेल शिधापत्रिकेवर आले, सवलतीच्या तेलाला ओळखीसाठी निळा रंग आला, आणि स्वस्त धान्य दुकानापुढे डबे रांगेत ठेवून माणसे सावलीत बसू लागली.

यंत्र घराघरात गेले तसा त्याचा वैद्यही गावोगाव फिरू लागला, आणि या मागोव्यातील माझ्या आस्थेचा खरा विषय तोच आहे. स्टोची टाकी पितळेची असली तरी त्याचे आयुष्य पितळेत नसते. ते चामड्याच्या, शिशाच्या आणि रबराच्या चिमुकल्या तुकड्यांत असते. पंपाच्या दांडीच्या टोकाला चामड्याचे वाटीदार वायसर असते. ते कोरडे पडले की पंप फुसका जातो आणि तेलात भिजवून बोटांनी कड पसरली की पुन्हा हवा धरतो. पंपाच्या बुडाशी एक झडप असते. तिच्यातले रबर किंवा बूच झिजले की टाकीतले तेल उलट पंपात चढते. बर्नर टाकीवर बसतो तेथे शिशाचे वायसर असते, आणि ते जितके दाबावे तितके घट्ट बसते, परंतु एकदा दबलेले पुन्हा वापरू नये. वाफ सोडणाऱ्या निपलच्या छिद्रात कोळशाचा कण अडकला की ज्योत वाकडी होते, पिवळी पडते; तेथे पत्र्याच्या पट्टीला बारीक तार लावलेली पिन हवी, आणि ती सरळ धरणारा हात हवा, कारण तिरकी घातलेली पिन छिद्र लांबट करते व ते निपल मग कायमचे बाद होते. हे सारे जाणणारा माणूस बाजारच्या दिवशी एका पोत्यावर आपली दुकानदारी मांडी. डाक देण्यासाठी खैया, कथील-शिशाची कांडी, नवसागर, पेचकस, जुन्या चपलेच्या चामड्यातून वायसर कापण्याचा गोल पंच आणि पाण्याची बादली एवढे त्याचे भांडवल. टाकीत हवा भरून ती बादलीत बुडवायची, बुडबुडा कोठून निघतो ते पाहायचे, तेथे घासून डाक द्यायचा: त्याची ही परीक्षा मी जशीच्या तशी पाळतो, तिच्यात सुधारणा करण्यासारखे मला काही आढळलेले नाही.

घरातही एक ज्ञान होते, आणि ते बहुतांशी स्त्रियांचे होते. बर्नरखालच्या वाटीत स्पिरिट घालून किंवा भिजलेला काकडा अडकवून नळी पुरेशी तापेपर्यंत थांबणे, आणि त्यानंतरच हवा भरणे, ही त्यातली मुख्य गोष्ट. नळी तापण्यापूर्वी हवा भरली तर वाफेऐवजी द्रव तेल उसळते आणि हातभर पिवळा भडका उठतो. भडका उठला तर हवेचा पेच सोडायचा, तेल भरायचे ते स्टो पूर्ण निवल्यावरच, आणि रॉकेलच्या टाकीत पेट्रोलचा थेंबही जाऊ द्यायचा नाही.

येथे मला एक जड विषय घेतलाच पाहिजे. कारण तो वगळून या यंत्राच्या आठवणी गोड करून सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९७० नंतरच्या दोन दशकांत ‘स्टोचा भडका होऊन विवाहितेचा मृत्यू’ हे वाक्य वर्तमानपत्रांत इतक्या वेळा छापले गेले की ते वाचणाऱ्याची नजर त्यावर ठरेनाशी झाली. त्यातले काही खरे अपघात होते: दोषी झडप, निकृष्ट पत्र्याची टाकी, नायलॉनचा पदर. पण जो कोणी असा स्टो खोलून पुन्हा जोडतो त्याला हे कळते की सुस्थितीतील टाकी सहसा फुटत नाही; गळते, भडकते, विझते. तेव्हा पंचनाम्यात ज्या स्टोवर दोष ठेवला गेला तो पुष्कळदा केवळ साक्षीला उभा केलेला होता, आणि रॉकेल घरात असणे एवढेच त्याचे त्या मृत्यूशी नाते होते. १९८३ साली भारतीय दंडसंहितेत ४९८-अ हे कलम आणि १९८६ साली हुंडाबळीसंबंधीचे ३०४-ब हे कलम घातले गेले, ते अशा मृत्यूंविरुद्ध स्त्रियांच्या संघटनांनी उठविलेल्या आवाजाचे फळ होय. १९८३ मध्येच स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकर यांचे ‘मुलगी झाली हो’ हे नाटक गावोगाव नेण्यास आरंभ केला. जुना स्टो हातात घेणाऱ्याने हा इतिहासही हातात घेतला पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे.

या यंत्राचा ऱ्हास लवकर सांगून होतो. इंडियन ऑइलच्या संशोधकांनी तयार केलेला ‘नूतन’ हा वातीचा स्टो आला. तो शांत, स्वस्त व पंपावाचून चालणारा होता. मग गॅसचे सिलिंडर तालुक्याच्या गावांतून खेड्यांत उतरले, १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला, आणि शिधापत्रिकेवरचे रॉकेल आटत गेले. तेल गेले तशी पिनाही गेल्या आणि पोत्यावरचा दुरुस्तीवालाही गेला.

आता उरले आहे ते जतनाचे काम. माळ्यावरून निघणाऱ्या टाक्यांत मला सर्वांत मोठा दोष आढळतो तो गंजाचा नसून तड्यांचा. आणि त्याचे कारण शोधीत गेल्यावर जी हकीकत सापडते ती याच देशातली आहे. इंग्रजी अमदानीत लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागांजवळ साठविली असता न वापरताच तडकत. पुढे संशोधनांती असे ठरले की ठोकून वा ओढून घडविलेल्या पितळेत ताण शिल्लक राहतो, आणि जनावरांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया दमट हवेत त्या ताणावर घाला घालतो. आमच्याकडे माळा पुष्कळदा गोठ्याला लागून असतो. म्हणून मी आग्रहाने सांगतो की जुना स्टो गोठ्यापासून दूर, कोरड्या जागी, टाकी रिकामी करून व हवेचा पेच सैल सोडून ठेवावा. पितळ उजळण्यासाठी अमोनिया असलेले द्रव वापरू नये. चिंच किंवा लिंबू पुरे, आणि त्यानंतर स्वच्छ पाणी व ऊन. सूक्ष्म तडा गेलेल्या टाकीला डाक देऊन तिच्यात पुन्हा दाब भरण्याचा मोह टाळावा. ती पाहण्यासाठी ठेवावी, पेटविण्यासाठी नव्हे.

दुसरा आग्रह चकाकीविरुद्ध आहे. शहरांत असे स्टो विकत घेणारे लोक त्यांना फिरत्या चाकावर धरून आरशासारखे करतात. पण आमच्या घरांत पितळेच्या भांड्यावर जशी ठिपक्यांनी नावे घातली जात, तशी ती कित्येक टाक्यांच्या खांद्यावरही आहेत: कोणाच्या आईचे नाव, कोणाच्या लग्नाची तारीख, एखाद्या गावचे आद्याक्षर. चाक ते पुसून टाकते. जुना डाकही मी काढीत नाही, तो गळत नसेल तर. ते कोणा अनाम कारागिराच्या हाताचे अक्षर आहे. बर्नर बदलावा लागला तर जुना फेकून न देता चिठ्ठी बांधून ठेवावा.

सध्या अडचण आहे ती निपलांची. स्वीडिश व देशी बनावटीच्या आट्यांत सूक्ष्म फरक असतो, आणि एकाचे निपल दुसऱ्यात जबरीने बसविले की बर्नरची आटी बिघडते. ज्यांच्याकडे असे स्टो आहेत त्यांनी आपापल्या निपलांच्या आट्यांची व छिद्रांची मापे घेऊन ती एका वहीत, मराठीत, नोंदवावीत. वायसर कापणारे जे थोडे वृद्ध हात अजून हयात आहेत त्यांच्यासमोर बसून चामड्याची निवड, भिजविण्याचे तेल आणि कड वळविण्याची पद्धत लिहून घ्यावी. तेरखेड्याच्या परिसरापुरते हे काम मी हाती घेतले आहे; शेजारच्या तालुक्यांतूनही कोणी ते उचलले तर मापे ताडून पाहता येतील.