इंधन गाळणी

इंधन गाळणी किंवा फ्युएल फिल्टर हा मोटारीच्या इंधनप्रणालीतील एक भाग आहे. इंधनातील गंज, धूळ व गाळ अडवून पंप, कार्बुरेटर किंवा इंजेक्टर यांचे रक्षण करणे हे त्याचे कार्य होय. गाळणीची उपयुक्तता तिच्या छिद्रांच्या सूक्ष्मतेइतकीच इंधनमार्गातील तिच्या स्थानावरही अवलंबून असते.

स्थानाचे तत्त्व

इंधनमार्गाचे दोन भाग पडतात : टाकीपासून पंपापर्यंतची ओढबाजू आणि पंपापासून इंजिनापर्यंतची दाबबाजू. ओढबाजूस इंधनाचा दाब कमी असतो. तेथे बारीक गाळणी बसवल्यास प्रवाहास अडथळा होऊन दाब आणखी घटतो व तापलेल्या पेट्रोलची नळीतच वाफ होते. यास बाष्परोध (व्हेपर लॉक) म्हणतात. पंप द्रवाऐवजी वाफ ओढू लागल्याने इंजिन बंद पडते. म्हणून पेट्रोल मोटारीत सामान्यतः ओढबाजूस पंपाच्या रक्षणापुरती जाड जाळी व दाबबाजूस बारीक गाळणी ठेवतात.

कार्बुरेटरयुक्त मोटारी

कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाईल्सची १०८९ घन सेंमी. इंजिनाची प्रीमियर पद्मिनी ही अनेक दशके मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी होती. तिची टाकी मागे, तर यांत्रिक पंप पुढे इंजिनावर असे. अशा रचनेत ओढबाजूची नळी लांब असून पंप इंजिनाच्या उष्णतेत असतो. त्यामुळे उन्हाळ्यात, लालबाग-परळसारख्या भागातील संथ वाहतुकीत, बाष्परोधास अनुकूल स्थिती निर्माण होते. पुढे मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथे झाली होती. २० वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर ही टॅक्सी सेवेतून गेली.

इंजेक्शनयुक्त मोटारी

यांत विद्युत पंप बहुधा टाकीतच, इंधनात बुडालेला असतो. इंधन ढकलले जात असल्याने बाष्परोध क्वचितच होतो. पंपाच्या तोंडाशी जाळीची पिशवी व त्यापुढे बारीक गाळणी असते. अनेक नव्या मोटारींत ही गाळणीही टाकीतील पंपसंचातच असते. येथील दाब साधारण ३ ते ४ बार, तर कार्बुरेटरच्या यांत्रिक पंपाचा सुमारे ०.२ ते ०.३ बार असतो. म्हणून कार्बुरेटरसाठीची प्लास्टिकची पारदर्शक गाळणी इंजेक्शनच्या नळीवर बसवणे धोक्याचे ठरते. ती फुटून आग लागू शकते.

डिझेल मोटारी

डिझेल सहजासहजी बाष्परूप होत नाही आणि उच्चदाब पंपास सूक्ष्म कण व पाणी यांपासून मोठा धोका असतो. त्यामुळे पाणी वेगळे करणारी गाळणी उच्चदाब पंपाच्या आधी बसवतात. तळाशी साचलेले पाणी खालच्या बुचातून काढता येते.

पाणी

पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी, म्हणजे पंपाच्या तोंडाजवळच साचते. साधी कागदी गाळणी त्याला विश्वासार्हपणे अडवू शकत नाही. दादरच्या हिंदमातासारख्या सखल भागात पुराच्या पाण्यात अडकलेल्या मोटारीची टाकी तपासल्याशिवाय केवळ गाळणी बदलणे पुरेसे नसते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी शोषून घेते; मर्यादेपलीकडे पाणी मिसळल्यास इथेनॉल व पाणी यांचा थर तळाशी वेगळा होतो.

बसवताना घ्यावयाची काळजी

* गाळणीवरील बाण इंधनप्रवाहाच्या दिशेने असावा.
* गाळणी धूरनळीपासून व फिरत्या भागांपासून दूर असावी.
* इंजेक्शनयुक्त मोटारीत नळी सोडवण्यापूर्वी प्रणालीतील दाब उतरवावा.
* काम झाल्यावर इंजिन चालू करून जोडांतून गळती होत नसल्याची खात्री करावी.