अंदाजापेक्षा कमी पडलेल्या बर्फावरचे स्कीइंग

हिमालयातला स्कीइंगचा हंगाम पश्चिमी चक्रावातांच्या भरवशावर असतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेल्या या प्रणाली उंचावरच्या पश्चिमी वाऱ्यांबरोबर इराण-अफगाणिस्तान ओलांडून काश्मीर गाठतात. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात महिन्याला सरासरी चार ते सहा येतात. एखादी जोरकस असली की राजस्थानवर हवेचा दुय्यम भोवरा तयार होतो, तो अरबी समुद्रावरचे बाष्प ओढून घेतो आणि माळव्यात मावठा पडतो. देवास जिल्ह्यातल्या हाटपिपल्याचा गहू-हरभरा भिजवणारा हिवाळी पाऊस आणि गुलमर्गच्या उतारावरचा बर्फ पुष्कळदा एकाच प्रणालीतून आलेला असतो. ती कमजोर निघाली तर हाटपिपल्यात गव्हाला विहिरीच्या पाण्याची एक पाळी जास्त द्यावी लागते, आणि गुलमर्गमध्ये उद्या कोणत्या उतारावर जायचे याचा सगळा हिशेब बदलतो.

बर्फाचा अंदाज पावसाच्या अंदाजापेक्षा अवघड असतो. प्रणाली थोडी उत्तरेला सरकली तरी एका खोऱ्यात भरपूर बर्फ आणि शेजारच्या खोऱ्यात नुसते ढग, असे होते. त्यातून तापमानाचा प्रश्न येतो. उंचीबरोबर हवा दर किलोमीटरला सुमारे ६.५ अंशांनी गार होते. गुलमर्गचे कुरण सुमारे २,६५० मीटरवर आहे; गोंडोला या रज्जुमार्गाचा पहिला टप्पा सुमारे ३,१०० मीटरवरच्या कोंगडोरीला पोहोचतो आणि दुसरा जवळजवळ ३,९५० मीटरवर, अफरवाटच्या धारेपर्यंत. हवा अपेक्षेपेक्षा दोन अंशांनी उबदार राहिली की गोठणरेषा तीनशे मीटर वर चढते. मग अफरवाटवर बर्फ पडत असताना खाली कुरणात पाऊस असतो. पाण्याचे प्रमाण बरोबर निघाले तरी जाडी चुकू शकते. एक मिलिमीटर पाण्याचा ढोबळमानाने एक सेंटिमीटर बर्फ होतो. कडक थंडीत तो भुसभुशीत होऊन दीड-दोन सेंटिमीटर भरतो, ओलसर हवेत अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरवर बसतो.

स्कीइंगच्या दृष्टीने मात्र ताज्या बर्फाच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा असतो तो खालचा जुना, घट्ट थर. आधी त्याचीच चौकशी करावी. तीस सेंटिमीटर भुसभुशीत बर्फ यंत्राने दाबला की आठ-दहा सेंटिमीटर उरतो. तीसचा अंदाज असताना बाराच पडला, तर दाबल्यावर हाती तीन-चार सेंटिमीटर येतात. खाली जुना थर नसेल तर एवढ्याने दगड आणि झुडपांचे खुंट फक्त नजरेआड होतात, आणि हीच त्यातली जोखीम आहे.

अशा दिवशी पहिला फटका शिकाऊंना बसतो, कारण त्यांचे सौम्य उतार सर्वांत खाली, कुरणातच असतात. तिथे गवत डोकावू लागते. अनुभवी मंडळी वर जातात आणि उत्तरेकडे तोंड असलेले, सावलीतले उतार निवडतात. दक्षिणेकडच्या उतारावर सकाळी रात्रभर गोठलेले कडक कवच असते. त्यावर स्कीची कड धरत नाही. उन्हे चढली की तेच कवच मऊ होते आणि दुपारनंतर चिखलासारखे जड पडते. मधले दोन-तीन तास सर्वांत चांगले. उघड्या धारेवरचा बर्फ वारा उडवून घळींमध्ये साठवतो, त्यामुळे धारेवर खडक उघडे आणि पन्नास पावलांवर गुडघाभर बर्फ, असेही दिसते. वेग कमी ठेवणे, झाडीत न शिरणे आणि जुनी स्की वापरणे हे अशा दिवसाचे साधे नियम आहेत. लपलेल्या दगडाने स्कीचा तळ खोलवर फाटतो.

कमी बर्फ म्हणजे हिमलोटाचा कमी धोका, ही समजूत चुकीची आहे. थर पातळ असला की जमिनीजवळचे तापमान शून्याच्या आसपास आणि पृष्ठभागाचे त्याहून पुष्कळ खाली, असा मोठा फरक थोड्या अंतरात पडतो. खालच्या बर्फातले बाष्प वर सरकते आणि तळाशी साखरेसारखे सुटे कण तयार होतात. ते एकमेकांना धरत नाहीत. पुढे त्यांच्यावर जोराचा बर्फ पडला की वरचा सगळा पट्टा एकदम घसरू शकतो. म्हणूनच कोरड्या पंधरवड्यानंतरच्या पहिल्या मोठ्या हिमवर्षावात उत्साहाला आवर घालावा लागतो आणि हिमलोटाचे इशारे रोज वाचावे लागतात.

२०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे कुरण ऐन चिल्लई कलांमध्ये, म्हणजे कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांत, तपकिरी पडले होते. बर्फ महिनाअखेरीला आला आणि फेब्रुवारीत खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा झाल्या. त्या चालू असतानाच २२ फेब्रुवारीला कोंगडोरी परिसरात हिमलोट कोसळून एका परदेशी स्कीपटूचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी २२ ते २५ फेब्रुवारीला ठरलेल्या स्पर्धा पुरेशा बर्फाअभावी ९ ते १२ मार्चवर ढकलाव्या लागल्या.

कृत्रिम बर्फाने ही तूट थोडीच भरून निघते. तोफेसारखी यंत्रे पाण्याचे बारीक तुषार हवेत फेकतात आणि ते खाली येईपर्यंत गोठतात. त्यासाठी पाण्याचा साठा लागतो, वीज लागते, आणि ओल्या गोळ्याचे, म्हणजे हवेतली आर्द्रता धरून मोजलेले, तापमान उणे दोन-तीन अंशांच्या खाली असावे लागते. उबदार, दमट रात्री यंत्रे असूनही बर्फ होत नाही. उत्तराखंडातल्या औलीला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी अशी यंत्रे बसवली होती. तिथल्याच २०२३ च्या राष्ट्रीय स्पर्धा बर्फ कमी म्हणून रद्द झाल्या.