प्रतिपिंडाची साक्ष : कोलेस्टेरॉलच्या ग्राहीचा शोध

दिल्लीजवळ नोएडा येथे राष्ट्रीय जैविक संस्थान ही केंद्र शासनाची संस्था आहे. लसी, इन्सुलिन, रक्तापासून बनविलेली औषधे आणि औषध म्हणून टोचली जाणारी प्रतिपिंडे यांची तेथे कसोशीने तपासणी होते. प्रतिपिंड ज्या पदार्थासाठी बनविले त्यालाच चिकटते काय, हा त्या तपासणीतील एक मुख्य प्रश्न होय. हृदयविकाराच्या संशोधनात या प्रश्नाला किती महत्त्व आहे, हे कोलेस्टेरॉलच्या ग्राहीच्या अभ्यासावरून चांगले समजते.

कोलेस्टेरॉल हा मेदपदार्थ पेशीच्या आवरणासाठी आवश्यक असतो. परंतु तो पाण्यात विरघळत नाही. म्हणून रक्तातून तो प्रथिनयुक्त कणांतून वाहिला जातो. या कणांस मेदप्रथिने म्हणतात. कमी घनतेच्या मेदप्रथिनाचा एक कण सुमारे २२ नॅनोमीटर व्यासाचा असतो. असे कण रक्तात फार वाढले, की रोहिण्यांच्या भिंतींत मेद साचतो आणि हृदयाचा रक्तपुरवठा रोडावतो.

काही कुटुंबांत हा दोष आनुवंशिक असतो. दोन्ही जनकांकडून सदोष जनुक मिळालेल्या मुलांना बालपणीच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. अमेरिकेतील डॅलस येथे मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७३-७४ मध्ये अशा रुग्णांच्या त्वचेतील पेशी काचपात्रात वाढविल्या व त्यांना किरणोत्सर्गी आयोडीनने चिन्हांकित केलेली मेदप्रथिने दिली. निरोगी पेशींनी ती धरून आत घेतली. रुग्णांच्या पेशींना ते साधले नाही. यावरून पेशीच्या पृष्ठभागावर मेदप्रथिनाला धरणारे एक प्रथिन, म्हणजे ग्राही, असते असे सिद्ध झाले. या कार्याबद्दल दोघांना १९८५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि एक कोडे उरले. दुकानाचे दार बंद दिसले, तर आत दुकानदार नाही, की तो असूनही दार उघडू शकत नाही, हे रस्त्यावरून कळत नाही. त्याचप्रमाणे, रुग्णाच्या पेशीत ग्राही मुळीच तयार होत नाही, की तयार होऊनही निकामी असतो? मेदप्रथिन चिकटले नाही, एवढ्यावरून याचे उत्तर मिळत नव्हते. ग्राही काम करो वा न करो, त्याला ओळखणारे साधन हवे होते. ते साधन म्हणजे प्रतिपिंड.

शरीरात परके प्रथिन शिरले, की त्याला चिकटणारी प्रतिपिंडे रक्तात तयार होतात. १९७५ मध्ये केंब्रिज येथे कोलर व मिलस्टीन यांनी उंदराच्या प्लीहेतील प्रतिपिंडजनक पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडून एकाच जातीचे प्रतिपिंड अखंड मिळविण्याची युक्ती काढली. डॅलसच्या गटाने गाईच्या अधिवृक्क ग्रंथीतून अंशतः शुद्ध केलेला ग्राही उंदरांना टोचून १९८१ मध्ये असे एक प्रतिपिंड प्रसिद्ध केले. ते मानवी ग्राहीलाही चिकटत होते.

आता पेशींना किरणोत्सर्गी ॲमिनो आम्ल देऊन नव्याने बनणारी प्रथिने चिन्हांकित करता येऊ लागली. पेशी फोडून प्रतिपिंड घातले, की असंख्य प्रथिनांतून केवळ ग्राही वेगळा निघे. त्याचा रेणुभार प्रथम सुमारे १,२०,००० दिसे व शर्करेत बदल झाल्यावर सुमारे १,६०,००० होई. रुग्णांत मात्र भेद आढळले. काहींत ग्राही बनतच नव्हता. काहींत तो पेशीच्या आतच अडकून राही. काहींत पृष्ठभागावर येऊनही मेदप्रथिन धरू शकत नसे. काहींत मेदप्रथिन धरले जाई, पण आत नेले जात नसे. एका नावाच्या रोगात अनेक दोष दडले होते.

अर्थात, प्रतिपिंडाची साक्ष उलटतपासणीवाचून मान्य होत नाही. दुसऱ्याच प्रथिनाला ते चिकटले, तर निष्कर्ष चुकतो. म्हणून ज्या पेशीत ग्राही बनतच नाही, तिच्यावरही तोच प्रयोग करावा लागतो. तेथे काहीच दिसले नाही, तरच इतर ठिकाणी दिसलेल्यावर विश्वास ठेवता येतो.

हे भेद उपचारांतही निर्णायक ठरतात. पीसीएसके-९ नावाचे प्रथिन ग्राहीला चिकटून त्याचा नाश घडविते. या प्रथिनाला अडविणारी प्रतिपिंडे २०१५ मध्ये अमेरिका व युरोपात औषध म्हणून मान्य झाली. त्यांच्यामुळे ग्राही अधिक काळ टिकतात व रक्तातील मेदप्रथिने घटतात. परंतु ज्या मुलाच्या पेशींत कार्यक्षम ग्राही मुळीच नाही, त्याला या औषधाचा जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. त्याच्यासाठी रक्तातील मेदप्रथिने यंत्राने गाळून काढणे किंवा यकृताचे रोपण यांसारखे अन्य मार्ग शोधावे लागतात. म्हणून दोष कोठे आहे हे आधी जाणून घेणे, हीच योग्य उपचाराची पहिली पायरी होय.