राष्ट्रध्वज बदलावा काय?

ध्वज म्हणजे वस्तुतः कापडाचा एक तुकडा. त्याला प्रतिष्ठा प्राप्त होते ती एका समाजाने ‘हे आमचे चिन्ह’ असे एकमुखाने मान्य केल्यामुळे. म्हणूनच एखाद्या देशात ध्वज बदलण्याची भाषा निघाली, की रंगांचा वाद हां हां म्हणता मागे पडतो आणि आपण कोण आहोत, आपली सत्ता कोठून उगम पावते, हा खरा वाद पुढे येतो. असा बदल केव्हा योग्य ठरतो आणि केव्हा अनाठायी, ह्याचा विचार आपल्याकडील व इतर देशांतील अनुभवाच्या आधारे करता येईल.

प्रथम जयपूरकडे पाहू. आमेरच्या कछवाहा राजांचा मूळचा ध्वज पांढरा असून त्यावर कचनाराचे झाड होते, असे परंपरा सांगते. सोळाव्या शतकात राजा मानसिंगाने काबूलच्या मोहिमेत अफगाण टोळ्यांचा पाडाव केला आणि त्या विजयाची खूण म्हणून पाच रंगांचा ‘पचरंगा’ स्वीकारला, अशी आख्यायिका आहे. झाड मात्र अगदीच नाहीसे झाले नाही. जयपूरच्या नाण्यांवर त्याची डहाळी कायम राहिली आणि ती नाणी ‘झाडशाही’ म्हणूनच ओळखली गेली. हा ध्वज राजाच्या इच्छेने आला आणि राजसत्तेबरोबरच त्याचा अधिकार संपला. ३० मार्च १९४९ रोजी सरदार पटेलांच्या हस्ते राजस्थानच्या नव्या संघराज्याचे उद्घाटन जयपुरातच झाले. आज पचरंगा जुन्या शहरातील चंद्रमहालावर एका घराण्याची स्मृती म्हणून फडकतो. शहराच्या पश्चिमेला स्वातंत्र्योत्तर काळात वसलेल्या वैशाली नगरात स्वातंत्र्यदिनी घरोघरी दिसतो तो तिरंगा. प्राचीन गणराज्याचे नाव धारण करणाऱ्या त्या वसाहतीत वाढलेल्या पिढ्यांनी पचरंगा हा राज्याचा ध्वज म्हणून कधी पाहिलेलाच नाही. तरी ह्या बदलाने कोणाला दुखावल्यासारखे वाटत नाही. कारण ध्वजापूर्वी राज्याचा पायाच बदलला होता.

ह्याच जयपूर संस्थानातील सीकरजवळच्या एका खेड्यात जन्मलेले जमनालाल बजाज दत्तक म्हणून वर्ध्याला आले आणि महाराष्ट्राचेच झाले. पुढे १९३९ मध्ये प्रवेशबंदी मोडून जयपूर संस्थानात शिरल्याबद्दल त्यांना अटक झाली. त्यापूर्वी १९२३ साली नागपूरच्या झेंडा सत्याग्रहाचे नेतृत्व त्यांनीच केले होते. सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवरून चरख्याचा ध्वज नेण्यास सरकारने मनाई केली. १ मेपासून स्वयंसेवकांच्या तुकड्या निघू लागल्या आणि शेकडो लोक तुरुंगात गेले. त्या ध्वजावर वर पांढरा, मध्ये हिरवा आणि खाली लाल असे पट्टे होते. ज्यासाठी माणसांनी कारावास पत्करला तो ध्वज पवित्र नव्हे, असे कोण म्हणेल? पण अवघ्या आठ वर्षांत तोच ध्वज बदलावा लागला.

कारण असे की, त्यातील रंगांचा अर्थ लोक धर्मांवरून लावीत होते आणि ज्यांचा रंग त्यात नव्हता ते आपला रंग मागत होते. शिखांची तशी मागणी होती. १९३१ च्या एप्रिलमध्ये काँग्रेसने सात जणांची समिती नेमली. तीत पटेल, नेहरू, आझाद, मास्टर तारासिंग आणि पट्टाभी सीतारामय्या ह्यांच्या जोडीला काकासाहेब कालेलकर व हिंदुस्थानी सेवा दलाचे संस्थापक डॉ. ना. सु. हर्डीकर हेही होते. समितीने तोडगा सुचविला तो संपूर्ण केशरी ध्वजाचा, त्यावर केवळ चरखा. रंगच एक, मग वाटणीचा प्रश्न कोठला? परंतु इतक्या थोर मंडळींची ही शिफारसही महासमितीने मुंबईच्या बैठकीत मान्य केली नाही. केशरी, पांढरा व हिरवा हे रंग ठरले आणि त्यांचा अर्थ धर्मांवरून लावावयाचा नसून धैर्य, सत्य, शांती, श्रद्धा ह्या गुणांवरून लावावयाचा, असे स्पष्ट करण्यात आले. समितीने सुचवावे आणि व्यापक सभेने नाकारावे, ह्यात कोणाचा अवमान झाला नाही. उलट, ध्वज सर्वांचा व्हावयाचा तर तो सर्वांना विचारूनच ठरला पाहिजे, हा पायंडा त्यातून पडला.

पुढे २२ जुलै १९४७ रोजी संविधानसभेने चरख्याच्या जागी अशोकचक्र घेतले. नेहरूंनी त्याचे एक व्यावहारिक कारणही सांगितले. चरख्याच्या एका बाजूला चाक व दुसऱ्या बाजूला चाती, त्यामुळे ध्वजाच्या मागील बाजूने तो उलटा दिसणार. चक्र मात्र दोन्हीकडून सारखेच. गांधीजींना हा बदल रुचला नाही. चरखा नसलेल्या ध्वजाला आपण वंदन करणार नाही, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. राष्ट्रपित्याचे मन दुखावूनही सभेने आपला निर्णय घेतला, ही साधी गोष्ट नव्हे. एका पक्षाचा ध्वज आणि साऱ्या राष्ट्राचा ध्वज ह्यांतील भेद तिला राखावयाचा होता.

परदेशांतही हाच अनुभव येतो. कॅनडात १९६४ साली पंतप्रधान पिअर्सन ह्यांनी नव्या ध्वजाची कल्पना माजी सैनिकांपुढे मांडली, तेव्हा त्यांची हुर्यो झाली. जुन्या ध्वजाखाली ज्यांचे सोबती धारातीर्थी पडले, त्यांचा तो संताप समजण्यासारखा होता. संसदेत अनेक महिने वाद चालला. अखेर पिअर्सन ह्यांना प्रिय असलेला तीन पानांचा आराखडाही मागे पडून मेपलचे एकच पान स्वीकारले गेले आणि १५ फेब्रुवारी १९६५ रोजी तो ध्वज उभारला गेला. दक्षिण आफ्रिकेने १९९४ मध्ये, सर्व वर्णांच्या पहिल्या निवडणुकीच्या दिवशी, सहा रंगांचा ध्वज फडकविला. तो हंगामी म्हणून आला आणि लोकांनी आपलासा केल्याने संविधानात कायम झाला.

ह्याउलट न्यूझीलंडमध्ये दहा हजारांहून अधिक आराखडे आले, दोनदा मतदान झाले आणि मार्च २०१६ मध्ये ५६ टक्क्यांहून अधिक मतदारांनी जुनाच ध्वज ठेवला. राज्यव्यवस्था होती तीच होती. मग केवळ ध्वज नवा कशासाठी, असे अनेकांना वाटले. मलावीत २०१० साली उगवत्या सूर्याच्या जागी पूर्ण सूर्य आला. राष्ट्राध्यक्ष मुथारिका ह्यांच्या हट्टाने झालेला हा बदल त्यांच्या निधनानंतर, २०१२ मध्येच, रद्द झाला.

ह्या सर्वांवरून एक कसोटी हाती लागते. सत्तेचा उगम बदलला असेल, किंवा समाजातील एखादा वर्ग ध्वजाखाली स्वतःला परका मानीत असेल, तर बदलाची चर्चा टाळणे हाच अन्याय होय. केवळ सौंदर्यदृष्टी किंवा शासनकर्त्याची हौस एवढेच कारण असेल, तर जुन्या कापडाशी जडलेल्या आठवणी अधिक मोलाच्या ठरतात. आणि कारण योग्य असले तरी रीतही योग्य हवी. विरोधकाला बोलू द्यावे, त्याच्या दुःखाची टवाळी करू नये, आणि निर्णय झाल्यावर त्यालाही त्या ध्वजाखाली मानाने उभे राहता येईल, इतकी जागा ठेवावी. १९३१ व १९४७ साली आपल्या पुढाऱ्यांनी ती ठेवली. रोज ज्या तिरंग्याकडे आपण फारसा विचार न करता पाहतो, तो वादविवादातून आणि नाकारलेल्या आराखड्यांतून आपल्यापर्यंत पोहोचला आहे, हे ध्यानी असले म्हणजे उद्या असा प्रश्न कोठेही उठला तरी त्याला घाबरण्याचे कारण उरणार नाही.