डोळ्याखालची सूज : एका श्वानव्याधीचा मागोवा

कुत्र्याच्या डोळ्याखाली सुपारीएवढी सूज यावी, ती फुटून पू वाहावा, जखम भरून आली असे वाटावे आणि काही आठवड्यांनी त्याच जागी ती पुन्हा उद्भवावी, हा क्रम कुत्री पाळणाऱ्या घरांना पिढ्यानुपिढ्या परिचित आहे. आणि या व्याधीच्या चिकित्सेचा गेल्या शतकाहून अधिक काळाचा मार्ग न्याहाळताना, मूळ दातात असूनही उपचार मात्र दीर्घकाळ कातडीवरच होत राहिले, ही गोष्ट मनास फार खटकते.

प्रौढ कुत्र्याच्या मुखात ४२ दात असतात, आणि त्यांपैकी वरच्या जबड्यातील चौथी उपदाढ ही मांस कातरणारी, आकाराने मोठी आणि तीन मुळांची असून तिच्या मुळांची टोके डोळ्याच्या खोबणीच्या निकट पोचलेली असतात. कठीण हाड फोडताना या दाढेचा बाहेरचा कपचा उडाला, की आतली दंतमज्जा उघडी पडते, तीत जंतू शिरतात, मज्जा मरते, मुळाच्या टोकाशी पू साठतो आणि सभोवतीचे हाड पोखरीत तो डोळ्याखाली वाट काढतो. गालावरचा तो नासूर म्हणजे दाढेने बाहेर उघडलेले दारच होय. (अकस्मात आलेली सूज गांधीलमाशीच्या वा सर्पाच्या दंशाचीही असू शकते, आणि वृद्ध कुत्र्यात अर्बुदाची शंका घ्यावीच लागते.)

मुंबई इलाख्यात परळ येथे, बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावे उभ्या राहिलेल्या पशुरुग्णालयाच्या आश्रयाने, १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. त्याची धुरा प्रथम वाहणारे जॉन हेन्री स्टील यांनी श्वानांच्या व्याधींवर स्वतंत्र ग्रंथही लिहिला; तथापि सरकारदरबारी मोल होते ते रिसाल्याच्या घोड्याचे आणि शेतकऱ्याच्या बैलाचे, आणि कुत्र्याच्या दाढेची दखल घ्यावी अशी निकड त्या काळच्या अंमलदारांस वाटली नसेल तर त्यात नवल नाही.

१८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागला, परंतु कुत्र्याच्या मुखात फिल्म ठेवून एकेका मुळाचे चित्र घेण्याची पद्धत पशुवैद्यकात रुळण्यास फार काळ जावा लागला, कारण त्यासाठी प्राण्यास निश्चल ठेवणारी निर्धोक भूल हाताशी असणे अवश्य होते. दरम्यान, दुसऱ्या महायुद्धानंतर पेनिसिलीन सुलभ झाले, आणि माझ्या मते या मामल्यातील सर्वांत मोठी भूल येथेच पडली. औषधाने सूज झपाट्याने ओसरे, मालक समाधानाने परते; परंतु मेलेल्या मज्जेत रक्तप्रवाह नसल्यामुळे रक्तावाटे जाणारे औषध तेथवर पोचत नाही, आणि औषधाची मुदत सरताच दडून राहिलेले जंतू पूर्ववत आपला अंमल बसवितात. जे औषध शस्त्रक्रियेपूर्वीची तजवीज म्हणून उपकारक ठरले असते, तेच संपूर्ण इलाज मानले गेले, आणि त्या मुक्या जनावराच्या वेदनेचा काळ विनाकारण लांबला.

अमेरिकेत १९७६ साली पशुदंतवैद्यकाची संस्था निघाली आणि १९८८ मध्ये या शाखेच्या तज्ज्ञांचे स्वतंत्र मंडळ स्थापन झाले, तेव्हा या उपेक्षित अंगास शास्त्राची प्रतिष्ठा लाभली. आता दाढ उपटण्याऐवजी प्रथम तिचे तीन भाग कापून एकेक मूळ अलगद काढले जाते, किंवा दात वाचविण्याजोगा असल्यास रूट कॅनाल केले जाते; आणि तीन मुळांची ती दाढ गेल्यावरही कुत्रे उत्तम जेवते, हे मालकांना आग्रहपूर्वक सांगावे लागते.

आग्रहाचे कारण असे, की कुत्रे दुखणे लपविते. दाढ फुटून पू झाला तरी ते जेवण सोडीलच असे नाही. फार तर एकाच बाजूने चावते, घास खाली पाडते, तोंडास हात लावू देत नाही, आणि ‘खातोय ना, मग दुखत नसेल’ या निष्कर्षावर घर निश्चिंत होते. म्हणून आठवड्यातून एकदा तरी ओठ वर उचलून मागच्या दाढा पाहाव्यात. हिरडीलगतचे किटण आणि उडालेला कपचा सामान्य माणसासही दिसतो. कुत्र्याचे दात घासताना माणसांची टूथपेस्ट मात्र वापरू नये, कारण तीत झायलिटॉल हे गोडी आणणारे द्रव्य असल्यास ते कुत्र्यास विषासमान आहे.

आणि दुकानांतून आज विकली जाणारी जनावरांची खुरे, हरणांची शिंगे आणि भाजलेली हाडे पाहिली की मला चिंता वाटते; नखाने दाबून जी वस्तू किंचितही दबत नाही ती चावावयास देऊ नये, हा साधा निर्बंध जरी घरोघर पाळला गेला, तरी अनेक दाढा फुटावयाच्या वाचतील.