बिडाचं इंजिन बांधताना

जुन्या बुलेटचं इंजिन बांधायचं ठरलं की मालक आधी पिस्टनचा भाव विचारतो. पण या इंजिनाचं आयुष्य क्रँक आणि तेल ठरवतात. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या एका लेथवर हे काम मी जवळून पाहिलं, मिस्त्रींच्या हाताखाली थोडं केलंही, आणि माझं हे मत तिथेच पक्कं झालं.

बुलेट बनवणारी मद्रासची एनफील्ड इंडिया कंपनी १९५५ची. तिच्या साडेतीनशेच्या इंजिनाची मूळ रचना पुढची पन्नासेक वर्षं फारशी बदलली नाही: सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९०, एकूण ३४६ सीसी. सुटे भाग म्हणूनच आजही मिळतात. मात्र प्रत्येक भाग मापूनच घ्यावा लागतो.

हेड आणि सिलिंडर उतरले की मिस्त्री कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली ओढतात. रॉड बाजूला थोडा हलणारच. पण वर-खाली ओढताना हाताला ठक् लागली, तर मोठ्या टोकाचं बेअरिंग गेलं. मग दोन्ही फ्लायव्हील सोडवून पिन आणि बेअरिंग बदलायचं. खरी परीक्षा जोडताना असते. क्रँक दोन सेंटरमध्ये धरून शाफ्टवर डायल लावतात, हाताने सावकाश फिरवतात. काटा हलला की फ्लायव्हीलच्या कडेवर नेमक्या जागी तांब्याच्या हातोड्याचा ठोका. पुन्हा फिरवायचं, पुन्हा ठोका. काटा दोन-तीन शतांश मिलिमीटरच्या आत येईपर्यंत कोणी चहाचं नाव काढत नाही. घाईत बसवलेला क्रँक पुढे बेअरिंगं खातो, आणि गाडी हँडलपर्यंत थरथरते.

सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन्ही दिशांनी मापतात. झीज वरच्या बाजूला जास्त असते. सिलिंडर बिडाचा, पिस्टन ॲल्युमिनियमचा; तापल्यावर पिस्टन जास्त फुगतो. म्हणून पिस्टन आधी हातात घ्यायचा, मापायचा आणि मगच बोअर मारायचा.

आता तेल. त्याची टाकी क्रँककेसच्याच ओतकामात आहे. एक पंप क्रँकमधून मोठ्या टोकाला तेल देतो, दुसरा खाली साचलेलं तेल परत खेचतो. दोन्ही पंप फिरवणारा वर्म नट उलट्या आट्यांचा आहे. हे ठाऊक नसलेला माणूस जोर लावून शाफ्टच खराब करतो. टायमिंग कव्हरमधल्या इवल्याशा सीलकडे तर फार थोडे जण बघतात. ते नीट बसलं नाही तर तेल वाटेतच निसटतं आणि नवं बेअरिंग कोरडं पडतं. सगळं बांधून झालं की प्लग काढून किक मारत राहायचं. रॉकरच्या नळीचा बोल्ट सैल करून तिथे तेल आलेलं दिसेपर्यंत इंजिन चालू करायचं नाही.

टॅपेट थंड इंजिनवरच लावायचे. पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणायचा. पुशरॉड दोन बोटांत सहज फिरला पाहिजे, वर-खाली मात्र हलता कामा नये.

सुरुवातीला गाडी ताणायची नाही. पाचशे किलोमीटरला हेडचे नट पुन्हा कसायचे, टॅपेट पाहायचे, तेल बदलायचं. काढलेलं तेल पसरट भांड्यात ओतून बोटांनी चोळून बघावं. बारीक चमक दिसली तर हरकत नाही, नव्या रिंगा बसताहेत. कण बोटाला टोचले तर इंजिन पुन्हा खोलायचं.